गल्ल्यावर बसायचं का?

सध्या आपल्या वस्त्यांत एक नवीन जमात फिरतीय. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, बगलेत लॅपटॉप आणि तोंडात 'सामाजिक उद्योजकता'. ही मंडळी समाजमंदिरात येतात, बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतात, वंदना संपेपर्यंत घड्याळ बघत उभी राहतात आणि मग बी.ए., बी.कॉम. होऊन नाक्यावर बसलेल्या पोरांना एकेक कागद वाटतात. कागदावर प्रश्न. तुम्ही जोखीम घेऊ शकता का? अपयश पचवू शकता का? दुसऱ्याचं दुःख पाहून काही करावंसं वाटतं का? पैशापेक्षा ध्येय मोठं वाटतं का? होय असेल तिथे खूण करा. खुणा भरपूर झाल्या की तुम्ही सेवाभावी उद्योजक व्हायला लायक. कमी पडल्या की पुढच्या शिबिराला या, चहा-बिस्कीट आहे.

असा एक कागद माझ्याही हातात पडला. मी गोदीत पाठीवर जगणारा, मॅट्रिक झालेला, कविता लिहिणारा माणूस. कविता लिहिणाऱ्याला एक वाईट खोड असते. कागद कुठलाही असो, तो कोण कुणाला बोलतोय हे आधी बघतो. म्हणून खुणा न करता हे लिहितोय. आणि लिहितोय ते त्या पट्टेवाल्यांसाठी नाही, त्यांचा पगार चालू आहे. लिहितोय तुझ्यासाठी दोस्ता, ज्याने खुणा केल्यात आणि आता रात्री जागा राहून विचार करतोयस की उतरायचं का नाही.

जोखीम घेऊ शकता का, हा पहिला प्रश्न. कुणाला विचारतात हे? ज्याचा बाप गटारात उतरतो त्याला. ज्याची आई चार घरची भांडी घासून पाचव्या घरी जाताना लोकलच्या दारात लटकते त्याला. आमच्याकडे पंधरा-वीस टनांची लोखंडी कॉइल क्रेनला टांगलेली असते आणि खाली जहाजाच्या पोटात आम्ही चार जण उभे असतो. वायर तुटली तर काय होईल याला कंत्राटदार जोखीम म्हणत नाही, काम म्हणतो. जोखीम हा शब्द फक्त ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्यासाठी राखून ठेवलाय, कारण पैसा बुडाला की वहीत नोंद होते. आमचं हाड मोडलं की हजेरीपटावर फक्त गैरहजर लागतं. तेव्हा जोखमीच्या रकान्यात खूण करायची तर आमच्या बायाबापड्यांनी कधीच करून ठेवलीय, अंगठ्याने.

आता 'सेवा'. हा शब्द ऐकला की माझ्या पाठीवरचा जुना वळ ठणकतो. महाराने गावाची सेवाच केली. सांगावा नेला, मेलेलं ढोर ओढलं, वेशीवर पहारा दिला, सरकारी पाव्हण्याच्या घोड्यापुढे धावला. बदल्यात वतनाचा तुकडा आणि दारोदार मागायची भाकर. त्या सेवेतून सोडवायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल आणलं, आणि ती वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडलं. तीस वर्षं! म्हणजे सेवाभाव आमच्यात आहे का असं विचारणाऱ्याला सांग, बाबा रे, तो इतका होता की काढून टाकायला कायदा करावा लागला. आम्ही भांडलो ते सेवेची मजुरी ठरवून मागण्यासाठी. आणि आता तीच सेवा इंग्रजी शाळेत जाऊन परत आलीय. आमचा कंत्राटदार कागदोपत्री 'सेवा पुरवठादार' आहे. सेवा आम्ही करतो, पुरवठा तो करतो.

हा नुसता शब्दाचा खेळ वाटत असेल तर सरकारची योजना बघ. २०१४ सालच्या २ ऑक्टोबरला 'स्वच्छता उद्यमी योजना' निघाली. सफाई कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना कर्ज द्यायचं. कशासाठी? पैसे देऊन वापरायचे सार्वजनिक संडास बांधून चालवायला आणि कचऱ्याच्या गाड्या घ्यायला. पुढे २०२३ साली 'नमस्ते' नावाची योजना आली, तिच्या कागदात तर आपल्या गटारातल्या माणसाला नवं नाव मिळालं, 'सॅनिप्रेन्युअर'. वा रे वा! मैला उचलायला माणूस लावायचा नाही असा कायदा २०१३ सालीच झाला. कायदा सांगतो याला बाहेर काढा, योजना सांगते याला कर्ज द्या. माणूस तोच, मैला तोच, वाढलं काय तर डोक्यावर बँकेचा हप्ता. मशीन आलं तर चांगलंच आहे, मी मशीनच्या विरोधात नाही. गटारात माणूस मरण्यापेक्षा पंप जळलेला बरा. पण मशीन पालिकेने घ्यायचं सोडून सफाईवाल्याच्या पोराने कर्ज काढून का घ्यायचं, आणि तेही त्याच घाणीत राहून? बाकीच्यांच्या पोरांना सॉफ्टवेअरचं कर्ज आणि आमच्या पोराला संडासाचं, ही उद्योजकता का चातुर्वर्ण्य?

आता तुझ्या जागी बसून विचार करू. समज तुला ते कर्ज मिळालं. वस्तीच्या तोंडाशी संडास बांधलास. दाराशी टेबल, टेबलावर गल्ला, गल्ल्यामागे तू. सकाळी सहाला रांग. रांगेत तुझी आत्या. पोटाने हैराण आहे, चौथी खेप आहे, आणि कनवटीला पैसे नाहीत.

काय करशील?

त्या छापील कागदावर हा प्रश्न नव्हता. आणि मला विचारशील तर हा एकच प्रश्न आहे. दार उघडलंस तर उद्या अख्खी चाळ आत्या होऊन येईल, कारण वस्तीत कुणाच्याच कनवटीला महिनाअखेरीला पैसे नसतात. मग हप्ता कुठून भरशील? नाही उघडलंस तर हप्ता फिटेल, बँकेचा साहेब तुझ्या पाठीवर थाप मारेल, 'यशोगाथा' म्हणून तुझा फोटो छापून येईल आणि आत्या नाल्याच्या कडेला जाईल. तिसरा रस्ता काढशील, म्हातारे नि लहान पोरं फुकट, बाकीच्यांचा महिन्याचा पास. चांगलं आहे, मुंबईत असे पास चालतात. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या पैशातून इथे झोपडपट्टी स्वच्छतेची योजना आली, संडास पालिकेने बांधायचा आणि चालवायचा वस्तीच्या मंडळाने. काही मंडळांनी नेकीने चालवले. काही ठिकाणी मंडळ म्हणजे एकच दादा झाला आणि संडासाच्या माडीवर त्याचं ऑफिस थाटलं. आणि बायांकडून लघवीचेही पैसे आणि पुरुष फुकट, हा धंदा इतका बोकाळला की २०११ पासून इथल्या बायांना 'राईट टू पी' म्हणून मोहीम काढावी लागली. गल्ल्यावर बसणारा माणूस वाईट होता म्हणून हे झालं असं नाही. गल्ल्याला हिशेब कळतो आणि हिशेबाला आत्या कळत नाही.

आणखी एक. त्या संडासात झाडू कोण मारणार? तू? नाही. तू मॅनेजर. झाडू मारायला तू तुझ्यापेक्षा पडेल माणूस शोधशील, वाल्मिकी नाहीतर मातंग, नाहीतर कालच गावाहून आलेला कुणी, आणि त्याला 'स्वयंसेवक' म्हणून निम्म्या पैशात राबवशील, कारण धंदा ध्येयाचा आहे, परवडत नाही. ध्येय जितकं मोठं तितकी झाडूवाल्याची मजुरी कमी, हे मी डोळ्यांनी बघितलंय. जातीची उतरंड अशी आपल्या हातून पुन्हा रचली जाते, आणि वर पाटी 'जय भीम स्वच्छता केंद्र'.

महाडला १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्यावर आपली माणसं गेली. पाण्याचं दुखणं खरंच होतं, घसा कोरडा होता. आजचे पट्टेवाले तिथे असते तर म्हणाले असते, गरज मोठी आहे, गिऱ्हाईक तयार आहे, तळ्याकाठी अस्पृश्यांसाठी पाण्याची टपरी टाका, शुद्ध पाणी, माफक दर. बाबासाहेब ओंजळीने पाणी प्यायले. तळं सार्वजनिक आहे म्हणून प्यायले. सार्वजनिक हा शब्द ज्या दिवशी आपण विसरू त्या दिवशी पालिका मोकळी, सरकार मोकळं, आणि आपण एकमेकांचे गिऱ्हाईक.

इथे माझे काही मित्र भडकतात. म्हणतात, म्हणजे आम्ही जन्मभर हमालीच करायची का? सरकारी जागा कंत्राटात गेल्या, ठेकेदाराच्या हजेरीपटाला आरक्षण लागत नाही, आणि तू धंद्यालाही नाट लावतोस? नाही गड्या. मी धंद्याच्या विरोधात नाही. 'नोकरी मागणारे नको, देणारे व्हा' म्हणत २००५ साली पुण्यात दलितांची चेंबर ऑफ कॉमर्स, डिक्की, निघाली. ती मंडळी कोट घालतात म्हणून मी दात खाणार नाही. आपला माणूस कोट घालतो तेव्हा कुणाच्या तरी पोटात दुखतं, आणि ते दुखावं. २०१२ साली केंद्राने ठरवलं की सरकारी खरेदीतला चार टक्के माल अनुसूचित जाती-जमातीच्या छोट्या उद्योगांकडून घ्यायचा. ते चार टक्के गाठताना सरकारी कंपन्यांना वर्षानुवर्षं धाप लागली. तिथे भांडायला धंदेवालेच पाहिजेत. माझं म्हणणं इतकंच, धंदा करायचा तर त्याला धंदा म्हण. नफा हवा तर नफा म्हण, उजळ माथ्याने कमव. सेवेचा बुरखा घालून आत्याच्या कनवटीत हात घालू नकोस.

आणि लायकीचं म्हणशील, तर लायकी कुणाची तपासायची? बाबासाहेबांपेक्षा लायक कोण होता? कोलंबियातून अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. १९१७ साली बडोद्याची नोकरी जातीपायी सोडावी लागली, मुंबईला आले, पोटासाठी शेअर आणि गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा धंदा टाकला. सल्ला चांगला होता, गिऱ्हाईक यायला लागलं. सल्ला देणारा कोण हे कळलं आणि गिऱ्हाईक गेलं. संपला धंदा. त्या छापील कागदावर बाबासाहेबांनी खुणा केल्या असत्या तर सगळ्या रकान्यांत आल्या असत्या. नापास झालं ते मार्केट. पण मार्केटला परीक्षेला बसवणारा कागद कुणी छापत नाही.

याच्या उलट बाजू कोल्हापूरची. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पदरी चाकरीला होता. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून सवर्ण नोकरांनी त्याला बडवून काढलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला सांगितलं, चाकरी सोड, स्वतःचा धंदा टाक. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल निघालं. महाराच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः दारात गाडी थांबवायचे, चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि गाडीतल्या मानकऱ्यांनाही पाजायचे. छत्रपतींच्या हातून आलेला कप नाही म्हणायची कुणाची छाती! मला हे हॉटेल फार आवडतं. ध्येयाचा धंदा म्हणायचा तर हा. कारण त्या कपात चहा होता आणि चहात बाटण्याची भीती मोडायचं औषध होतं, दोन्ही एकाच दरात. आपल्या गरिबाकडून पैसे काढायचा तो धंदा नव्हता. ज्यांनी बाटण्याचा कायदा केला त्यांच्या घशाखाली तो कप उतरवायचा होता. पण हेही बघ, की नुसत्या गंगारामच्या जिद्दीवर ते झालं नाही. गाडी थांबवणारा राजा लागला. आज राजा नाही, चांगलं झालं नाही, पण मग गाडी कोण थांबवणार? २०२४ च्या मार्चमध्ये झोमॅटोने 'शुद्ध शाकाहारी' गिऱ्हाइकांसाठी वेगळा ताफा जाहीर केला, त्यांच्या पोरांना हिरवे कपडे. ओरड झाली तेव्हा दुसऱ्या दिवशी हिरवा रंग मागे घेतला. गंगारामच्या हॉटेलानंतर शंभर वर्षांनी अजून डब्याला डबा लागू नये म्हणून वेगळी गाडी! आणि ती गाडी चालवणारी आपलीच पोरं, कंपनी त्यांना 'पार्टनर' म्हणते. पार्टनरला ना पगार, ना भविष्यनिर्वाह निधी. पडला की पार्टनरशिप खलास.

ध्येयवाल्या पैशाचं पुढे काय होतं तेही एकदा बघून घे. १९८३ साली बांगलादेशात ग्रामीण बँक उभी राहिली, गरीब बायांना छोटं कर्ज द्यायला. २००६ साली ती बँक आणि मुहम्मद युनूस यांना नोबेल मिळालं. जगभर टाळ्या. आपल्याकडे आंध्रात एसकेएस नावाची संस्था त्याच वाटेने निघाली. मूळ नाव स्वयं कृषी संगम, सुरुवात सेवाभावी. मग ती कंपनी झाली, आणि २०१० साली शेअर बाजारात उतरून तिने दीड हजार कोटींच्या वर उभे केले. त्याच साली आंध्रातल्या खेड्यांतून छोट्या कर्जवाल्या कंपन्यांच्या वसुलीच्या जाचाने बायांनी आत्महत्या केल्याच्या बातम्या येत होत्या, आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला वटहुकूम काढून वसुलीला लगाम घालावा लागला. दारात बसून हप्ता मागणारे एजंट कोण होते? तिथलेच बेकार पोर. तुझ्यामाझ्यासारखे. त्यांनीही कधीतरी शिबिरात 'दुसऱ्याचं दुःख पाहून काही करावंसं वाटतं' या रकान्यात खूण केली असेल.

मग उतरायचं तरी कुणी? माझ्यापुढे एक माणूस आहे आणि तो आपल्या घरातल्या भिंतीवर आहे, फक्त आपण त्याचा हिशेब वाचत नाही. जोतीराव फुले. शाळा काढणारे फुले माहीत आहेत. कंत्राटदार फुले कुणी सांगत नाही. पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी त्यांची. पूल, कालवे, बोगदे अशा सरकारी बांधकामांची कंत्राटं त्यांनी घेतली, मांजरीला शेती केली. पैसा कमावला आणि चळवळीत ओतला, शेवटची वर्षं ओढगस्तीत काढली. पण पैसा ओतला हे मला तितकं मोठं वाटत नाही, दान शेठही करतो. मला मोठं वाटतं ते असं, की ज्या बांधकामखात्याकडून कंत्राट घ्यायचं त्याच खात्यातले भट कामगार कुणब्यामजुरांना कसे लुबाडतात यावर या माणसाने पवाडा रचला आणि १८७३ साली 'गुलामगिरी'त छापून टाकला. गिऱ्हाइकाच्या तोंडावर! स्वतःच्या गल्ल्यावर लाथ पडेल याची पर्वा नाही.

हीच परीक्षा घे स्वतःची. तुझा धंदा ज्या दुखण्यावर चालतो ते दुखणं मुळातून जावं म्हणून तू मोर्चात येशील का? वस्तीत पालिकेने फुकट संडास बांधावेत म्हणून वॉर्ड ऑफिसवर घेराव आहे, आणि ते संडास झाले की तुझा गल्ला बंद. येशील? पुढच्या रांगेत उभा राहशील, का 'दोन्ही बाजूंचा विचार केला पाहिजे' म्हणत घरी बसशील? पाणी विकणारा नळासाठी भांडेल का, शिकवणी चालवणारा पालिकेची शाळा सुधारावी म्हणून बोंब मारेल का? ज्याचं उत्तर छातीवर हात ठेवून 'होय' येतं, त्याने खुशाल उतरावं, त्याला मॅट्रिकचीसुद्धा गरज नाही. ज्याचं उत्तर येत नाही त्याने दुकान टाकावं, मोबाईल दुरुस्त करावे, वडापावची गाडी लावावी, त्यात कमीपणा काही नाही. फक्त पाटीवर सेवा लिहू नये.

आणि उतरणार असशील तर काही गोष्टी सांगून ठेवतो, गोदीतल्या जुन्या लोकांकडून ऐकलेल्या. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला, त्याआधी इथे टोळीवाल्यांचं राज्य होतं. टोळीवाला बाहेरून आलेला नसायचा. तोही एके काळी आपल्यासारखाच ओझं वाहणारा, चलाख, चार माणसं जमवणारा. आजच्या भाषेत उद्योजक. काम तो मिळवून द्यायचा आणि मजुरीतून आपला वाटा आधी कापायचा. आपल्यातला माणूस वर गेला म्हणून खालच्याचं भलं झालं नाही. भलं झालं ते नोंदणी झाली, हजेरी कागदावर आली, काम पाळीने मिळायला लागलं तेव्हा. म्हणून एकट्याच्या नावावर कर्ज काढू नको. दहा जणांचा वाटा घे, शंभर-शंभरचा का असेना. झाडू मारणाऱ्याचा वाटा तुझ्याइतकाच ठेव आणि त्याची मजुरी सरकारी किमान वेतनाच्या खाली एक पैसा नेऊ नको. स्वतःलाही पगार लाव. फुकट राबणारा माणूस सहा महिन्यांनी एकतर पळतो नाहीतर गल्ल्यात हात घालतो. २०१६ साली 'स्टँड अप इंडिया' आली तेव्हा प्रत्येक बँक शाखेने आपल्यातल्या निदान एकाला दहा लाखांपासून कोटीपर्यंत कर्ज द्यायचं असं ठरलं होतं. एका शाखेत एक! बाकीच्या वस्तीने त्याच्याकडे बघत राहायचं. मीही एका बँकेत एका मित्राबरोबर गेलो होतो, साहेबाने अर्जावरचं आडनाव वाचलं आणि तारण काय म्हणून विचारलं. मित्र म्हणाला, पाठ. साहेबाला कळलं नाही.

हिशेबाची वही उघडी ठेव. महिन्यातून एकदा, पगाराच्या रविवारी, बुद्धविहाराच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचायची. आत्याला अंक कळत नाहीत, पण खोटं बोलणाऱ्याचा आवाज तिला बरोबर कळतो.

आमच्या वस्तीतल्या संडासाचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय. तिथे दोन टोळकी टपून बसलीत, एक नगरसेवकाचं, दुसरं पट्टेवाल्यांचं. आम्ही नऊ जण जमलोय, त्यात दोन सफाईवाले आणि तीन बाया आहेत. आधी पालिकेला लेखी मागणार आहोत की संडास फुकट करा आणि सफाईवाल्यांना पालिकेच्या पटावर घ्या. नाहीच म्हणाले तर मग दहा जणांच्या नावाने अर्ज टाकायचा, म्हातारी-पोरं फुकट, आणि फुकट संडासाची मागणी दारावरच रंगवून ठेवायची. दहावा माणूस अजून सापडायचाय. ज्याला यायचंय त्याने रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर यावं. शंभर रुपये आणि वही घेऊन.